फोर्ट आणि डलहौसी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या शहरांच्या मध्यभागाविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं मुंबईच्या फोर्टवर आली आणि त्यांतल्या कित्येकांत कोलकात्याशी तुलना होती. म्हणून या वेळी दोन्ही भागांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : फोर्ट आणि कोलकात्याचा डलहौसी (आताचा बिनय-बादल-दिनेश बाग) हे दोन्ही भाग इंग्रजांनी कारभारासाठी वसवले. मग संध्याकाळी सातनंतर फोर्टात माणसं दिसतात आणि तिकडे शुकशुकाट, असं का? (वाचक, डोंबिवली)

इमारतींच्या वयात किंवा सौंदर्यात याचं उत्तर सापडणार नाही. त्या इमारतींत कोण बसतं आणि तो उठून गेला की त्याची जागा कोण घेतं, हे बघायला हवं.

फोर्टला एकच धनी कधीच नव्हता. हायकोर्ट, विद्यापीठ, रिझर्व्ह बँक, दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजार, एशियाटिकचं ग्रंथालय, कॉलेजं, वकिलांच्या खोल्या, कागद-स्टेशनरीचे ठोक व्यापारी असे सगळे दाटीवाटीने आहेत. शिवाय उत्तरेला बोरा बाजार, मोदी स्ट्रीट या बाजूला लोक अजून राहतात. राहणारी माणसं असली की दूधवाला, इस्त्रीवाला, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं औषधाचं दुकान हे ओघाने येतंच. डलहौसीच्या गाभ्यात वस्ती जवळपास नाही. बडा बाजार, टिरेटा बाजार, बो बॅरॅक्स इथली दाट वस्ती त्याच्या कडेने आहे.

दुसरा फरक सरकारी कचेरीचा. 'ऑफिसपाडा' म्हणून ओळखला जाणारा तो सगळा भाग रायटर्स बिल्डिंग या राज्य सचिवालयाच्या इमारतीभोवती फिरायचा. ऑक्टोबर 2013 मध्ये राज्याचं सचिवालय दुरुस्तीच्या कारणाने हावड्याला 'नबान्न'मध्ये गेलं ते परतलं नाही. हजारो कर्मचारी आणि कामासाठी येणारे त्याच्या कितीतरी पट लोक एका झटक्यात कमी झाले. चहावाले, झेरॉक्सवाले, टंकलेखक, अर्ज लिहून देणारे यांचं पोट त्यांच्यावरच होतं.

मुंबईतही सचिवालय हललंच की. 1874 साली बांधलेल्या जुन्या सचिवालयातून कारभार 1955 मध्ये आताच्या मंत्रालयात गेला. पण जुनी इमारत ओस पडली नाही. तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आलं आणि सकाळपासून पायऱ्यांवर पक्षकारांची गर्दी कायम राहिली. जून 2012 मध्ये मंत्रालयाला आग लागली, तेव्हाही दुरुस्ती तिथेच झाली आणि कारभार कायमचा दुसरीकडे गेला नाही. आमच्या मते दोन शहरांतला खरा फरक इथे आहे. कचेरी हलवताना रिकाम्या होणाऱ्या इमारतीचा पुढचा वापरकर्ता आधी ठरलेला असावा लागतो. फोर्टवाल्यांनी निश्चिंत राहू नये. हायकोर्टाच्या वांद्रे पूर्वेकडच्या नव्या संकुलाचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं आहे. कोर्ट गेल्यावर 1878 च्या त्या इमारतीचं आणि आसपासच्या वकिली खोल्यांचं काय होणार, हे आज विचारायला हवं.

एखादी गल्ली जिवंत आहे की नाही हे ठरवायची साधी मोजपट्टी आहे. तळमजल्यावर 100 मीटरमध्ये रस्त्याकडे उघडणारी किती दारं आहेत ती मोजा. 15 ते 20 असली तर गल्ली चालती आहे. चार-पाचच असली तर वर कितीही देखणी कमान असो, माणूस तिथे रेंगाळत नाही. हीच मोजणी रात्री आठला पुन्हा करा आणि दोन आकड्यांची तुलना करा.

प्रश्न : कोलकात्याच्या जुन्या इमारती मुंबईपेक्षा जास्त पडक्या दिसतात. देखभाल कमी, की बांधकामच हलकं? (वाचक, पुणे)

हलकं नाही, वेगळं. मुंबईला दगड हाताशी होता. काळा बसाल्ट, कुर्ल्याचा आणि मालाडचा पिवळसर दगड, नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड. दगडाची भिंत वीस वर्षं दुर्लक्षित राहिली तर काळी पडते, पण उभी दिसते. गंगेच्या गाळावर वसलेल्या कोलकात्यात दगड नाही. तिथे विटांची भिंत आणि वर चुन्याचा गिलावा. खांब, कोरीव पट्ट्या, कठड्यांचे घट हेही बहुतेक गिलाव्यातच घडवलेले. हा गिलावा म्हणजे इमारतीची छत्री. तो दर काही वर्षांनी दुरुस्त झाला नाही की विटा उघड्या पडतात, फटींत पिंपळ रुजतो आणि पाच वर्षांत इमारत शंभर वर्षांनी म्हातारी दिसू लागते.

पिंपळ उपटू मात्र नका. मुळं भिंतीच्या पोटात गेलेली असतात, ओढलं की विटाही येतात. बुंधा कापा, त्याला भोकं पाडून तणनाशक भरा, मूळ पूर्ण वाळेपर्यंत थांबा, आणि मग सांधे चुन्याने भरा. दगडी इमारतीची काजळी वाळूच्या फवाऱ्याने घालवणं हा असाच मुंबईतला घातकी प्रकार. पोरबंदरच्या दगडाची वरची कठीण साय त्याने जाते आणि पुढच्या पावसात नक्षी विरघळू लागते.

प्रश्न : फोर्टातल्या सेस (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत आमचं भाड्याचं छोटं ऑफिस आहे. छताला लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या कमानी आहेत. पोपडे पडतात, म्हणून दोनदा सिमेंटचा गिलावा केला, दोन्ही वेळा पडला. काय चुकतंय? (वाचक, मुलुंड)

सिमेंटच चुकतंय, आणि त्याआधी बहुधा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर.

याला जॅक आर्च म्हणतात. गर्डरांच्या खालच्या पट्टीवर विटांच्या उथळ कमानी टेकलेल्या असतात. वरून पाणी झिरपलं की गर्डर गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो विटा आणि गिलावा ढकलून पाडतो. त्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि गंज आणखी वेगाने वाढतो. म्हणजे दुरुस्तीनेच दुखणं वाढतं.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी गळती बंद करा: वरची ड्रेनेजची पाइपलाइन, न्हाणीघराची फरशी, गच्चीचा कोबा. हे झाल्याशिवाय खालचं काम सुरू करू नका. मग गर्डरखाली दोन्ही बाजूंना टेकू लावा. एका वेळी एकच गाळा (दोन गर्डरांमधला भाग) उघडा, सगळे एकदम नकोत, कारण शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटून धरतात. एक काढली तर शेजारची सरकते. सैल गिलावा काढून गर्डर तारेच्या ब्रशने स्वच्छ घासा आणि पट्टीची उरलेली जाडी कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा. हे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या. जोड-पट्टी लागली तर ती बोल्टने बसवावी. जुन्या लोखंडावर वेल्डिंग नीट धरेलच असं नाही, तडा जाऊ शकतो. नंतर जस्तयुक्त प्रायमर आणि शेवटी चुन्याचा गिलावा.

गिलाव्याला भिजवलेला चुना 1 भाग, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून 3 भाग. 10 ते 12 मिलिमीटरचे थर द्या, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा, आणि निदान दहा दिवस ओलसर ठेवा. भर पावसाळ्यात हे काम घेऊ नका, चुना धरत नाही. वरून प्लास्टिक पेंटही नको. चुन्याचा रंग द्या.

परवानगीचं म्हणाल तर गिलावा, रंग, फरशी अशी किरकोळ दुरुस्ती पालिका कायद्याच्या कलम 342 खाली परवानगीशिवाय होते. मात्र इमारत वारसा यादीत असेल तर आधी पालिकेच्या हेरिटेज विभागाला विचारा. गर्डरला हात लावणं ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. सेस इमारतीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा आणि पोच घ्या. इमारत 30 वर्षांवरची असल्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे. अहवालातला शेरा नीट वाचा. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा, सी-2-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. सी-1 शेरा पटला नाही तर लगेच दुसऱ्या इंजिनिअरचा अहवाल घ्या. वॉटसन्स हॉटेलच्या, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शनच्या बाबतीत पाडा म्हणणारे आणि वाचवता येईल म्हणणारे दोन्ही तज्ज्ञ कोर्टात उभे राहिले होते.

प्रश्न : मालक स्वतः दुरुस्ती का करत नाहीत? (वाचक, नाशिक)

हिशोब बसत नाही म्हणून. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. 2000 साली महिना 200 रुपये असलेलं भाडं चक्रवाढीने धरलं तरी 25 वर्षांनी 533 रुपयांच्या आसपास जातं. त्यात एका गाळ्याचा परांचाही येत नाही. त्याच कायद्याने 1 कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या, बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या यांचं संरक्षण काढलं आणि पागडीला मान्यता दिली. फोर्टातल्या ज्या जागा त्यानंतर बाजारभावाने फिरल्या, त्यांतल्या बऱ्याच आज दुरुस्त दिसतात. काळा घोडा भागातली कलादालनं आणि कॅफे हे तिथल्या कला महोत्सवाइतकंच या कलमाचंही फळ आहे, असं आमचं मत.

कोलकात्यात पागडीला 'सेलामी' म्हणतात. दुखणं तेच.

प्रश्न : फेरीवाले हटवले की हे भाग सुधारतील का? (वाचक, ठाणे)

अर्धंच. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडवरच्या सलग कमानी पावसा-उन्हात चालायलाच बांधल्या गेल्या. त्या अडल्या की चालणारा रस्त्यावर उतरतो, हे खरं. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच असतात. आधी चालायला 1.8 मीटर मोकळी पट्टी आखा, उरलेल्या जागेत ठेले बसवा. कोलकात्यात पदपथाचा एक तृतीयांशच फेरीवाल्यांना, असा नियम आहे. पाळला किती जातो हा वेगळा विषय. तिथल्या डेकर्स लेनमधले खाण्याचे ठेले उठवले तर डलहौसीत दुपारी जी काही जान आहे तीही जाईल.

याच रोडवर दुकानांच्या पाट्यांचं काम झालं ते मात्र बघण्यासारखं. पाटी कमानीच्या आत, कमानीचा माथा झाकायचा नाही, एवढ्या नियमाने रस्त्याचा चेहरा मोकळा झाला.

प्रश्न : एका दिवसात डलहौसी कसं बघावं? (वाचक, कोल्हापूर)

कामाच्या दिवशी जा, रविवारी नको. मेट्रोने हावड्याहून 'महाकरण' स्थानकावर उतरा. मार्च 2024 मध्ये सुरू झालेला हा मार्ग हुगळीखालच्या 520 मीटर बोगद्यातून येतो. लालदिघी तळ्याला एक फेरी मारा, 1868 चं जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय) बघा, मग करन्सी बिल्डिंग. नव्वदच्या दशकात तिचा मधला भाग पाडून झाला होता. पुरातत्त्व खात्याने ती पोकळी खोटी भरून न काढता अंगण म्हणून ठेवली आणि 2020 मध्ये इमारत लोकांसाठी खुली झाली. तिथून ग्रेट ईस्टर्न हॉटेल. सरकारकडून 2005 मध्ये विकलं गेलेलं हे हॉटेल 2013 मध्ये पुन्हा उघडलं, म्हणजे रायटर्स रिकामं झालं त्याच वर्षी. जेवण डेकर्स लेनमध्ये, आणि संध्याकाळी फेअरली घाटावरून फेरीबोटीने परत. फोर्टला समुद्र इतका जवळ असून गोदीच्या भिंतीमुळे तो दिसत नाही. नदीकाठाच्या बाबतीत कोलकाता पुढे आहे.