पहिल्या पगाराआधी एक गोष्ट ऐक

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला लागलास, आनंद झाला बघ. आता मित्र म्हणतील, टिळकवाडीत फ्लॅट घे, हप्त्यावर बुलेट काढ. जरा थांब.

चहा-भजीला गेलेला पैसा पुढच्या महिन्यात आवरता येतो. भाडं आणि हप्ता आवरत नाहीत, कामावर गेलास की नाही हे ते विचारत नाहीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमचं वर्कशॉप बंद पडलं. वडगावातल्या माझ्या खोलीचं भाडं आणि दूध, एवढंच माझं बांधलेलं होतं, म्हणून साठवलेल्यावर निभावलं. शेजारच्या पोराला मात्र गाडीच्या हप्त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. त्या माउलीचे मोकळे हात अजून डोळ्यांसमोर येतात.

महिना 3,000 चा हप्ता तीन वर्षं म्हणजे 1,08,000 रुपये. तेवढे दिवस मालकाला 'नाही' म्हणायची सोय गेली.

घर खानापुरात आहे ना? मग वर्षभर रेल्वेचा पास काढून ये-जा कर, पाळीची वेळ जुळते का तेवढं बघ. खोली घेतलीसच तर गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत नाव नोंदव, भाडेकरूलाही मिळते. पण वापर 200 युनिटच्या वर गेला की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं, तेव्हा गिझर जपून.

सहा महिन्यांचं भाडं-किराणा बँकेत साठेपर्यंत नवा हप्ता नकोच. रविवारी वही घेऊन घरी ये, आपण दोघं मिळून मांडू.