शेजारी ठेवलेले दोन डिजिटल तापमान सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवतात. खरा कोणता मानायचा? आणि प्रत्यक्ष कामात हे सेन्सर कुठे वापरतात?

तुम्ही लिहिलंय की अर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला) जोडलेला डीएचटी११ खोलीचं तापमान २७ दाखवतो आणि त्याच्या शेजारचा डीएस१८बी२० मात्र २८.०६२५. एवढे चार दशांश दाखवतोय म्हणजे दुसराच खरा असणार, असा तुमचा अंदाज आहे. शीतगृहांत आणि गोदामांत तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन सेन्सरांत मुळात भांडण नाहीच. डीएचटी११ची अचूकता अधिक-उणे २ अंश सेल्सिअस. तो २७ म्हणतो तेव्हा खोली २५ ते २९च्या मधे कुठेही असू शकते. डीएस१८बी२०ची अचूकता उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अधिक-उणे अर्धा अंश, म्हणजे त्याच्या मते खोली साधारण २७.५ ते २८.५. ही दुसरी मर्यादा पहिलीच्या पोटात आरामात बसते. दोघेही आपापल्या डेटाशीटला, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाला, धरून चाललेत. विश्वास डीएस१८बी२०वर जास्त ठेवा, पण त्याच्या दशांशांवर नको.

ते दशांश येतात कुठून ते बघा. हा सेन्सर १२ बिटांवर (आकडा बारा शून्य-एकांत मांडून) चालतो तेव्हा त्याची सगळ्यात लहान पायरी ०.०६२५ अंशाची असते. तुमच्या कोडला त्याच्याकडून प्रत्यक्षात ४४९ हा पूर्णांक मिळाला. लायब्ररीने (सेन्सर वाचायच्या तयार कोडने) त्याला ०.०६२५ने गुणलं आणि २८.०६२५ छापलं. पायरी बारीक आहे याचा अर्थ शेजारच्या दोन आकड्यांतला फरक ओळखता येतो, एवढाच. अख्खी शिडीच अर्धा अंश वर सरकलेली असू शकते. रिझोल्यूशन (पायरी किती बारीक) आणि अचूकता (आकडा खऱ्याच्या किती जवळ) यांची गल्लत इतकी सर्रास होते की जाहिरातींतही त्याचाच फायदा घेतलेला दिसतो. पडद्यावर एकच दशांश दाखवा, पुष्कळ गैरसमज टळतात.

आत काय चालतं हेही थोडक्यात सांगतो. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधलं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. पण हे व्होल्टेज प्रत्येक चिपमधे थोडं वेगळं असतं, म्हणून बहुतेक सिलिकॉन सेन्सर आळीपाळीने दोन वेगळे प्रवाह सोडून दोन व्होल्टेजमधला फरक मोजतात. हा फरक थेट निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह आठपट केला तर दर अंशाला जेमतेम ०.१८ मिलिव्होल्ट. इतका बारीक संकेत लांब वायरमधून धाडला तर वाटेतल्या मोटारी आणि दिवे त्याचा चोथा करतील. म्हणून चिपच्या आतच त्याचा आकडा करतात आणि वायरवरून फक्त शून्य-एक जातात. डिजिटल सेन्सरचा खरा फायदा हा आहे. एलएम३५सारखा अ‍ॅनालॉग सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. टेबलावर तो छान चालतो, पण लांब केबलवर आणि मोटारीच्या शेजारी त्याचा आकडा नाचायला लागतो.

आता मुख्य मुद्दा. कोणताही सेन्सर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. खोलीचं, पाण्याचं किंवा औषधाचं तापमान तो सांगत नाही. ते तापमान त्याच्यापर्यंत पोचवायचं काम बसवणाऱ्याचं. माझ्याकडे ‘सेन्सर खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत सेन्सर बहुधा ठणठणीत असतो, जागा चुकलेली असते. बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटरला चिकटून बसवलेला, किंवा वायफाय चालू असलेल्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या डोक्यावर सोल्डर केलेला सेन्सर एक-दोन अंश सहज जास्त दाखवतो. उन्हात उघडा ठेवलेला सेन्सर हवेचं नव्हे, ऊन खाल्लेल्या स्वतःच्या कवचाचं तापमान सांगतो. म्हणूनच हवामान केंद्रात तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील असा ठेवतात. तुमचे दोन सेन्सरही ब्रेडबोर्डवरून (सोल्डर न करता जोडणी करायच्या पट्टीवरून) उचलून वायरने हातभर लांब न्या, त्यांच्यावर एक खोकं पालथं घाला आणि अर्ध्या तासाने आकडे बघा. दोघांतलं अंतर कमी झालेलं दिसण्याची बरीच शक्यता आहे.

वापराचं म्हणाल तर मला सगळ्यात जवळचं उदाहरण लसींच्या फ्रिजचं. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवतात. गरम झाल्या तर बिघडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिपॅटायटिस-बीसारख्या काही लसी गोठल्या तरी कायमच्या निकामी होतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. म्हणजे अलार्म दोन्ही टोकांना हवा, आणि खालच्या टोकाला तर अधिक काटेकोर. इथे उघडा सेन्सर टांगला की दार उघडताच गार हवा बाहेर पडते, आकडा १२वर जातो आणि अलार्म बोंबलतो. आतल्या कुप्यांना मात्र त्याचा पत्ताही नसतो, कारण एवढं द्रव तापायला वेळ लागतो. चार दिवसांत कर्मचारी अलार्म बंद करून टाकतात, आणि मग खरा बिघाड झाला तरी कोणाला कळत नाही. उपाय साधा आहे. सेन्सरची स्टीलची नळी ग्लायकॉल (सहज न गोठणारं द्रव) भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवायची आणि ती बाटली कुप्यांच्या मधे ठेवायची, दाराजवळ नाही आणि मागच्या गार भिंतीला टेकवूनही नाही. मग सेन्सर कुप्यांच्याच गतीने तापतो आणि गार होतो.

धान्याच्या सायलोत गोष्ट वेगळी. धान्य उष्णतेचं अत्यंत मंद वाहक. ओलावा किंवा कीड लागून एका जागी गाभा तापायला लागला तरी दीड-दोन मीटरवरच्या सेन्सरला बराच काळ काही कळत नाही. म्हणून तिथे एकेका केबलवर थोड्या थोड्या अंतराने अनेक सेन्सर ओवून वरून खाली सोडतात. डीएस१८बी२० अशा कामाला सोयीचा, कारण प्रत्येकाच्या पोटात ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो आणि एकाच डेटा वायरवर पुष्कळ सेन्सर राहू शकतात. फक्त बसवण्यापूर्वी कोणता क्रमांक कितव्या फुटावर आहे ते लिहून ठेवा. नंतर ते शोधत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

सौर बंबात तर खऱ्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. छपरावरचं पॅनल टाकीपेक्षा पुरेसं गरम झालं की पंप सुरू, फरक मिटला की बंद. दोन्ही सेन्सर अर्धा अंश चुकत असतील पण एकाच दिशेने, तर काही बिघडत नाही. उलट दिशांनी चुकले तर पंप भलत्या वेळी फिरतो. अशा ठिकाणी दोन सेन्सर आधी एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक कोडमधे वजा करायचा. बाकी मोबाइल, लॅपटॉप यांच्या प्रोसेसरमधे तर हे सेन्सर चिपवरच कोरलेले असतात आणि तापमान वाढलं की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं, म्हणून चांगली चार्जिंग यंत्रणा आधी तापमान विचारते आणि मगच प्रवाह सोडते.

हीटर किंवा पंखा जोडणार असाल तर पुढचं नीट वाचा. डीएस१८बी२०ला वीज मिळाल्यावर त्याच्या रजिस्टरमधे (आकडा साठवायच्या जागेत) आधीपासूनच ८५ हा आकडा बसलेला असतो. १२ बिटांचं मोजमाप व्हायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तुम्ही त्याआधीच वाचलंत, किंवा मधेच वीज क्षणभर लचकली, तर खोलीत ८५ अंश असल्याचा निकाल मिळतो. आणि वायर निघाली तर अर्डुइनोवर सर्रास वापरली जाणारी लायब्ररी उणे १२७ परत देते. आता तुमचा कोड ‘तापमान ३७पेक्षा कमी असेल तर हीटर चालू’ असा असेल, तर उणे १२७ हे ३७पेक्षा कमीच आहे! वायर तुटली आणि हीटर रात्रभर पेटलेला. म्हणून दोन्ही आकडे कोडमधे आधी गाळून टाका, सलग काही वाचनं फसली तर हीटर बंद होईल असं लिहा, आणि तरीही हीटरच्या वाटेत एक स्वतंत्र थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) टाका. कोडवर भिस्त ठेवून आग लागू शकेल अशी वस्तू चालवू नये. चालू आणि बंद यांच्या आकड्यांत अर्धा-एक अंशाचं अंतरही ठेवा, नाहीतर रिले (हीटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) कटकट करत मरतो.

अचूकता घरी तपासायची असेल तर शून्याचा बिंदू सगळ्यात भरवशाचा. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक ठेचा, भांडं तळापर्यंत बर्फाने गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच पाणी घाला. पेलाभर पाण्यात चार खडे टाकून चालत नाही, कारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड असतं आणि ते तळाशी जाऊन बसतं, सेन्सर नेमका तिथे. नळी भांड्याला टेकू देऊ नका, अधूनमधून ढवळा आणि आकडा हलायचा थांबला की लिहून घ्या. ०.३ आला तर शून्याजवळची तुमची चूक ०.३. हीच चूक २८ अंशांना असेलच असं नाही, त्यासाठी प्रमाणित थर्मामीटरशी तुलना करावी लागते. उकळत्या पाण्याचा बिंदू वापरायचा मोह होतो, पण समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला तो जवळपास एक अंशाने उतरतो, तेवढा हिशोब करावा लागेल. डीएचटी११ मात्र पाण्यात बुडवू नका, त्याला आर्द्रता मोजण्यासाठी उघडी जाळी आहे.

निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डीएचटी११ शिकायला ठीक, कामाला नको. हवा आणि आर्द्रता दोन्ही हवी असेल तर एसएचटी३१ घ्या. बीएमई२८०मधला तापमानाचा भाग मुळात दाब आणि आर्द्रतेचा हिशोब दुरुस्त करण्यासाठी आहे, हवेच्या तापमानासाठी त्याच्यावर विसंबू नका. पाणी, माती, टाकी, लांब वायर असेल तर डीएस१८बी२०ची स्टीलची नळी. अंडी उबवण्याचं यंत्र करत असाल तर ३७.५ला अर्धा अंश इकडेतिकडे परवडत नाही, तिथे अधिक-उणे ०.१ अंशाचा टीएमपी११७ उपयोगी. भट्टीच्या तापमानाला सिलिकॉन टिकतच नाही, तिथे के प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) आणि त्याचा संकेत वाचायला मॅक्स६६७५ किंवा मॅक्स३१८५५ या चिपची जोड. न टेकवता मोजायचं असेल तर एमएलएक्स९०६१४ हा इन्फ्रारेड सेन्सर, पण चकचकीत धातूवर तो साफ फसतो. पृष्ठभागावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरा.

डीएस१८बी२०च्या नकला बाजारात ढिगाने आहेत. बऱ्याच नकली चिप दोन वायरींवर, म्हणजे डेटा वायरमधूनच वीज खेचून, चालत नाहीत. म्हणून तीन वायरी जोडा आणि डेटा व पुरवठा यांच्यामधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. अनेक सेन्सर असतील तर एकाच लांब वायरवर ओळीने जोडा. एका बिंदूपासून चहूकडे फाटे फोडले की संकेत परावर्तित होतात आणि मधूनच एखादा सेन्सर गायब होतो. तुमची वायर किती लांब आहे ते लिहिलं नाहीत. वीस-तीस मीटरच्या पुढे असेल तर रेझिस्टर २.२ किलोओहमपर्यंत उतरवून बघा.