क्रोम उघडलं की भलतंच सर्च पान येतं. रिसेट करू की काढून परत टाकू? पासवर्ड जातील का?

रिसेट करा. पासवर्ड जात नाहीत, बुकमार्क आणि हिस्टरीही राहते.

आता तो 'काढून परत टाक'चा सल्ला. तो देणाऱ्याला एकदा विचारा, काढल्यावर नेमकं काय निघतं? विंडोजवर क्रोम अनइन्स्टॉल केलं की फक्त प्रोग्रॅम जातो. तुमचं प्रोफाइल 'यूजर डेटा' फोल्डरमध्ये जसंच्या तसं पडून असतं. ब्राउझिंग डेटाही पुसायचा का, असं तिथे विचारतात, पण त्या चौकोनात टिक कोण करतो? नवं क्रोम येतं आणि तेच प्रोफाइल उचलतं, नको त्या एक्स्टेन्शनसकट (म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमसकट). बरं, टिक केलीच, तरी खात्यात साइन इन करून सिंक चालू केलं की तीच एक्स्टेन्शनं पुन्हा हजर. भाडेकरू तोच ठेवून दरवाजा बदलायचा प्रकार आहे हा. तरीही कुठलाही प्रश्न आला की पहिलं उत्तर हेच!

रिसेटसाठी सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत खालच्या बाजूला 'रिसेट सेटिंग्ज' आहे, त्यात 'रिस्टोर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डिफॉल्ट्स'. सर्च इंजिन, सुरुवातीची पानं, पिन केलेले टॅब, साइटना दिलेल्या परवानग्या हे सगळं मूळपदावर येतं. कोपऱ्यात नोटिफिकेशनच्या जाहिराती येत असतील तर त्याही परवानग्यांबरोबर जातात. एक्स्टेन्शनं मात्र फक्त बंद होतात, निघत नाहीत. लोक ती सगळी एकदम चालू करतात आणि मग 'रिसेटचा उपयोग नाही' म्हणतात. एकेक चालू करा, प्रत्येक वेळी क्रोम बंद करून उघडा. पान बदललं की चोर सापडला, 'रिमूव्ह' करा.

रिसेटनंतर लगेच तेच पान आलं तर दोन ठिकाणी बघा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टार्गेट'. तिथे क्रोमच्या फाइलच्या नावापुढे वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा. ही गोष्ट ब्राउझरच्या सेटिंग्जमधली नाही, शॉर्टकटमधली आहे.

दुसरं, तीन ठिपक्यांच्या मेन्यूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतंय का? घरच्या कॉम्प्युटरवर हे दिसलं तर बहुधा कुठल्या तरी फुकट सॉफ्टवेअरने पॉलिसी, म्हणजे क्रोमवर सक्तीने लादलेली सेटिंग, घुसवली आहे. पॉलिसीने बसवलेल्या एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटण चालत नाही आणि रिसेटने ते बंदही होत नाही. आधी 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'ची यादी तारखेनुसार लावून ते सॉफ्टवेअर काढा, नाहीतर पॉलिसी पुन्हा लिहिली जाते. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं टूल) 'एचकी लोकल मशीन', सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल या वाटेने 'क्रोम' नावाच्या फोल्डरपर्यंत जा (तिथे त्याला 'की' म्हणतात), तो एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा. 'एचकी करंट यूजर'खालीही तीच वाट तपासा. त्यानंतर पुन्हा रिसेट. पूर्वी क्रोममध्येच साफसफाईचं टूल होतं, ते 2023 मध्ये काढून टाकलं, त्यामुळे अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन वेगळा करावा लागतो.

हो, आणि रिसेटमध्ये कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन. ओटीपीचा फोन जवळ ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती पॉलिसी खरोखर ऑफिसची असते, तिला हात लावू नका. काही अँटिव्हायरसही पॉलिसी टाकतात, तेव्हा डिलीट करण्याआधी ती कुणाची ते बघा.

फायरफॉक्सवाल्यांसाठी: तिथे 'रिफ्रेश फायरफॉक्स' एक्स्टेन्शनं थेट काढतं, कुकीज ठेवतं आणि जुनं प्रोफाइल 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाने डेस्कटॉपवर टाकतं. त्यात तुमचे पासवर्डही असतात, काम झालं की तो फोल्डर उडवा.