डेमो इम्पोर्ट करताना एसव्हीजी फाइल्स अडतात. त्या चालू करणं सुरक्षित आहे का?

वर्डप्रेस थीमचा डेमो (तयार नमुना साइट) आणताना बाकी सगळं येतं, फक्त एसव्हीजी आयकॉन (कोडच्या मजकुरात लिहिलेली चित्रं) गळतात, आणि जो तो थीमच्या फंक्शन्स.पीएचपी या कोड-फाइलीत टाकायची, एसव्हीजीला परवानगी देणारी तीच एक ओळ सुचवतो. ती टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाका. पण इम्पोर्ट संपला की जागेवरून उठायच्या आधी काढा.

ती ओळ न काढल्यापायी माझा एक अख्खा शनिवार-रविवार गेलाय, म्हणून लिहितोय.

आमच्या टीममध्ये एक सीनियर होते. ग्राहकाच्या साइटवर डेमो येईना म्हणून त्यांनी वर्डप्रेसच्या अपलोड_माइम्स फिल्टरमध्ये, म्हणजे चालणाऱ्या फाइल-प्रकारांच्या यादीत, एसव्हीजी घातलं. हीच ती ओळ. मी म्हटलं, काम झालं की काढूया. "अरे, चित्रच तर आहे. चित्र काय चावतं का?" सगळे हसले, मीही हसलो. ओळ राहिली.

पुढे त्या साइटवर पाहुण्या लेखकांना ऑथर खाती (स्वतःचे लेख आणि फाइल्स टाकण्यापुरती) दिली गेली. त्यातल्या एकाचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला. मीडियात लोगो नावाची एक फाइल आली, अ‍ॅडमिनने सहज ती नव्या टॅबमध्ये उघडून पाहिली, आणि थोड्या वेळाने यूजर्सच्या यादीत आणखी एक अ‍ॅडमिन दिसू लागला, जो आमच्यापैकी कुणीच बनवला नव्हता. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एक वर्तुळ, दोन पाथ, आणि तळाशी स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड.

एसव्हीजी इमेज टॅगमधून दाखवली तर ब्राउझर तिच्यातली स्क्रिप्ट चालवत नाही. तीच फाइल थेट तिच्या पत्त्यावर उघडली की ती तुमच्याच डोमेनवरचं पान होते आणि लॉगिन असलेल्या अ‍ॅडमिनच्या नावाने हवं ते करते. लॉगिनची कुकी एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता न येणारी) आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सांगतो, इथे कुकी चोरावी लागतच नाही.

आता इम्पोर्टचं. सेफ एसव्हीजीसारखं प्लगइन जरूर घाला, ते अपलोड होणारी फाइल धुऊन घेतं, म्हणजे तिच्यातला कोड काढून टाकतं. पण बरेच इम्पोर्टर (डेमो आणणारी प्लगइन्स) फाइल स्वतःच उतरवून थेट फोल्डरमध्ये ठेवतात, नेहमीच्या अपलोडच्या वाटेने येत नाहीत. ते फाइलचं शेपूट (प्रकार) पाहतात, पोटातला कोड नाही. त्यामुळे डेमोतून आलेली प्रत्येक एसव्हीजी एकदा एडिटरमध्ये उघडाच. स्क्रिप्ट, ऑनलोड, फॉरेनऑब्जेक्ट, जावास्क्रिप्टने सुरू होणारी लिंक, यातलं काही दिसलं तर फाइल फेकून द्या. हुकने (ठरावीक क्षणी आपोआप चालणाऱ्या कोडने) ती परवानगी फक्त इम्पोर्टपुरती उघडझाप करायची हुशारी मीही केली होती. पण इम्पोर्ट तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या रिक्वेस्टमध्ये चालतो, दुसऱ्या तुकड्याला फिल्टर नसतो आणि अर्धे आयकॉन पुन्हा गळतात. हातानेच घाला, हातानेच काढा. आणि अनफिल्टर्ड अपलोडचा कॉन्स्टंट (फाइल-प्रकाराची तपासणीच उठवणारी सेटिंग) कुणी सुचवला तर त्याचं ऐकू नका.

सीनियर अजूनही म्हणतात, दोष पासवर्डचा. पासवर्ड गेला हे खरंच. पण ऑथरच्या पासवर्डने फार तर ऑथरचे लेख खराब झाले असते. तिथून अ‍ॅडमिनपर्यंतची शिडी आपणच लावून ठेवली होती, साहेब.

हां, साइटवर तुमचं एकट्याचंच खातं असेल आणि थीम नीट ठिकाणाहून घेतलेली असेल, तर धोका बराच कमी. मग ती ओळ महिनाभर राहिली तरी कदाचित काही होणार नाही. तरी काढा.