अमेरिकेतल्या रँचरना वणव्याशी लढायला कोण शिकवतं, आणि त्याचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत गुरं पाळणारे रँचर स्वतःच वणवा विझवायला जातात असं वाचलं. मग त्यांना शिकवतं कोण, आणि त्या शिकवण्यानं खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो. पण नुसत्या व्याख्यानांनी नाही. शिकलेल्या माणसाला आगीजवळ उभं राहायची परवानगी आणि हातात रेडिओ (एकमेकांशी बोलायचा वायरलेस) मिळाला तरच. मी अमेरिकेच्या आयडाहो राज्याच्या नैऋत्य भागात राहतो, चराऊ रानांचं व्यवस्थापन हाच माझा अभ्यासविषय, आणि विद्यापीठाच्या विस्तार सेवेच्या कार्यशाळांना मी मदत करतो. त्यामुळे मुख्यतः आयडाहो आणि शेजारच्या ओरेगन राज्याबद्दल लिहितो.

आधी रान समजून घ्या. आयडाहोतली 60 टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. रँचरची स्वतःची जमीन असते, पण उन्हाळ्यात गुरं बहुतेक सरकारी रानातच चरतात, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या खात्याच्या 10 वर्षांच्या परवान्यावर. इथलं मूळ रान म्हणजे सेजब्रशची करडी झुडपं आणि त्यांच्यामध्ये थोंबांनी वाढणारं, वर्षानुवर्षं टिकणारं गवत. दोन थोंबांमध्ये उघडी माती, म्हणून आगीला सलग वाट मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरेशियातून चीटग्रास आलं आणि त्यानं ही उघडी जागा व्यापली. ते पावसाळी थंडीत उगवतं, वसंतात भराभर वाढतं आणि उन्हाळा सुरू होतो न होतो तोच वाळून कोळ होतं. जळल्यावर सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, बियांपासून परत यायला त्याला कित्येक दशकं लागतात. चीटग्रास मात्र पुढच्याच वसंतात हजर. एकदा जळलेलं रान म्हणूनच पुन्हा लवकर जळतं.

2007 च्या जुलैत आयडाहो-नेवाडाच्या हद्दीवर मर्फी नावाचा वणवा पेटला आणि सुमारे साडेसहा लाख एकर रान गेलं. चराईवर बंधनं घातली म्हणून गवत साचलं आणि आग वाढली, असं रँचरचं म्हणणं होतं. त्यावर शास्त्रज्ञांच्या एका गटानं अभ्यास करून 2008 मध्ये अहवाल दिला. हवामान सौम्य असेल तर चराईमुळे आगीचा जोर कमी होऊ शकतो. पण कडक ऊन, कोरडी हवा आणि सोसाट्याचा वारा एकत्र आला की चरलेलं-न चरलेलं यानं फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. कार्यशाळेत मी हे दोन्ही भाग सांगण्याचा आग्रह धरतो. पहिला भाग सगळ्यांना आवडतो. दुसरा ऐकायला जड जातो, पण जीव वाचतो तो त्यानंच.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. पूर्वी आग दिसली की शेजारपाजारचे रँचर पाण्याची टाकी, ट्रॅक्टर, बुलडोझर घेऊन निघत. सरकारी दल पोचलं की त्यांना बाजूला व्हायला सांगितलं जाई, आणि अधिकाऱ्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं: अंगात साधा शर्ट, रेडिओ नाही, कोण कुठे आहे याचा पत्ता नाही. दुसरीकडे कुठलं फाटक कुठे उघडतं, पाणी कुठे मिळतं, दुपारनंतर वारा कुठून फिरतो, हे सगळं याच माणसांना ठाऊक. दोन्ही बाजूंचा राग खरा होता.

यातून मार्ग निघाला तो रेंजलँड फायर प्रोटेक्शन असोसिएशनचा, म्हणजे चराऊ रान आगीपासून वाचवणाऱ्या स्थानिक संस्थांचा. ओरेगनमध्ये रँचरच्या अशा संस्था 1960 च्या दशकापासून आहेत. आयडाहोत पहिली 2012 मध्ये माउंटन होम परिसरात उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी विधिमंडळानं त्यासाठी कायद्यात तरतूद केली. संस्था रँचरची, करार राज्याच्या आणि केंद्राच्या खात्यांशी. बीएलएमची माणसं प्रशिक्षण देतात, आणि दरवर्षी आगीचा हंगाम सुरू होण्याआधी उजळणी होते. आग कशी वागते, उतार आणि वारा एकत्र आले की काय होतं, टेहळणीला कोण, संपर्क कसा, पळायची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठली. शक्यतो जळून गेलेल्या काळ्या रानाच्या कडेनंच काम करायचं, म्हणजे वारा फिरला तर आत शिरता येतं. सोबत आग न पकडणारे कपडे, हेल्मेट, रेडिओ. सरकारकडची वापरून झालेली बंबाची वाहनंही या संस्थांना मिळतात.

माझ्या मते यातला सर्वात मोलाचा भाग रेडिओ. त्यामुळे रँचर आग विझवण्याच्या अधिकृत रचनेत येतो. सरकारी बंब बऱ्याचदा तासभर लांब असतो, आणि वीज पडून लागलेली आग पहिल्या अर्ध्या तासात आटोक्यात येते ती जवळच्या माणसामुळे. शिवाय तंबूत शेजारी बसून प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पुढे परवान्याच्या बैठकीत समोर आला, की बोलणं वेगळ्या सुरात होतं. कॅलिफोर्नियानंही 2021 मध्ये कायदा करून हाच धागा पकडला: प्रशिक्षण घेतलेल्या पशुपालकाला ओळखपत्र, ज्यावर त्याला नाकाबंदीपलीकडच्या आपल्या गुरांना चारा-पाणी द्यायला किंवा त्यांना बाहेर काढायला जाता येतं.

चराईचं शिक्षण यापेक्षा चिवट काम आहे, कारण तिथं सगळं वेळेवर अवलंबून. चीटग्रास हिरवं आणि कोवळं असतानाच गुरं आवडीनं खातात, पण त्याच सुमारास मूळची गवतंही वाढीला लागलेली असतात आणि दरवर्षी त्याच वेळी चरली तर मरतात. म्हणून शरद-हिवाळ्यात, मूळ गवत सुप्त असताना, साचलेला वाळका चारा गुरांकडून खाववून घ्यावा, असा पर्याय आहे. ओरेगनमधल्या बर्न्स इथल्या संशोधन केंद्रानं त्यावर बरंच काम केलंय. परवान्यातल्या तारखा मात्र त्यासाठी बदलाव्या लागतात, आणि ते एका कार्यशाळेत होत नाही. रँचरला मोबाइलवर स्वतःच्या रानाचा नकाशा उघडून दाखवला तर तो लगेच पुढे सरकून बसतो: रेंजलँड अ‍ॅनालिसिस प्लॅटफॉर्म ही मोफत सोय आहे, तिथे 1986 पासून दरवर्षी कुठे कुठल्या वनस्पतींचं आच्छादन होतं ते दिसतं.

सगळ्यात कमी शिकवलं जातं ते आगीनंतरचं. जळलेल्या सरकारी रानात साधारण दोन हंगाम गुरं सोडू देत नाहीत. तेवढे दिवस कळप कुठे न्यायचा, हे आग लागायच्या आधी ठरलेलं नसेल तर गुरं विकावी लागतात. केंद्राच्या योजनेत वणव्यात मेलेल्या जनावरांच्या बाजारभावाच्या 75 टक्के भरपाई मिळते, पण किती जनावरं होती आणि किती मेली याचा पुरावा लागतो. म्हणून हल्ली मी वसंतातल्या बैठकीत सगळ्यांना वही काढायला लावतो: कळपाची मोजदाद, कानातले बिल्ले, तारखेसह फोटो, आणि एक प्रत घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे. तुमच्या भागात मेंढपाळांबरोबर असं काही सुरू करणार असाल तर याच वहीपासून करा.