वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅमिंगची पूर्वतयारी, वही आणि पेन्सिलीने

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका गावात राहते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय होते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शाखेला मला प्रवेश मिळाला आहे. माझ्याबरोबरच्या काही मुलांनी बायफोकलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयाला, संगणकशास्त्र घेतले होते, तर काहींनी कॉलेज रोडवर प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला आहे. मी आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही, घरी लॅपटॉप नाही आणि इंग्रजीची भीती वाटते. वर्ग सुरू व्हायला साधारण दीड महिना आहे. या दिवसांत मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर : पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तुमच्या पत्रासारखे पत्र दर पावसाळ्यात येते. बायफोकल करून आलेली मुले सुरुवातीचे काही आठवडे पुढे दिसतील, हे खरे आहे. परंतु त्यांच्यापैकी ज्यांनी प्रोग्रॅम पाठ केले आहेत, ती मुले प्रश्न थोडासा बदलला की अडतात, आणि ज्यांना एखादी कृती पायरीपायरीने मांडता येते, ती मुले कोणत्याही माध्यमातून आलेली असली तरी दिवाळीच्या सुमारास त्यांना गाठतात. तेव्हा या दीड महिन्यात पायरीपायरीने मांडण्याचीच सवय करावी. तिला लॅपटॉप लागत नाही, आणि माझ्या मते क्लासही लागत नाही.

सुरुवात नाशिकच्याच एका माणसापासून करू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसतानाही अंकांच्या अभ्यासामुळे त्यांचे नाव आज जगभरचे गणिती घेतात. त्यांनी दाखवलेली एक कृती अशी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून दुसरी करा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच कृती करा. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ ही संख्या येते आणि मग ती बदलत नाही. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत काम झाले.

आता ही कृती अशा माणसाला सांगायची आहे, जो सांगितलेले तंतोतंत करतो पण मनाने काहीही भरत नाही, असे समजून ती मराठीत वहीत लिहा. ‘अंक मांडा’ एवढे सांगून त्याला कळणार नाही, कारण संख्येतून अंक सुटे कसे करायचे हे त्याला ठाऊक नाही. त्यासाठी संख्येला १० ने भागून बाकी घ्यावी लागते. ३५२४ ची बाकी ४ आली, म्हणजे शेवटचा अंक मिळाला. भागाकार ३५२ आला, म्हणजे शेवटचा अंक गळला. हेच पुन्हा पुन्हा करत गेले की चारही अंक हाती येतात. सुटे झालेले चार अंक क्रमाने कसे लावायचे, हेही असेच शब्दांत लिहून काढावे लागेल. त्यावर दोन दिवस गेले तरी ते दिवस वाया गेले असे समजू नका, कारण अंकांची अदलाबदल करून क्रम लावणे हा पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला एक मोठा धडा आहे.

कृती लिहून झाली की २१११ ही संख्या घेऊन तिची परीक्षा करा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तुम्ही कागदावर सहज ०९९९ लिहाल आणि पुढे ९९९० वजा ०९९९ कराल. संगणकाच्या लेखी मात्र ही संख्या तीनच अंकांची आहे. ‘संख्या शून्य होईपर्यंत अंक काढत राहा’ असे तुम्ही लिहिले असेल, तर त्याला ९, ९, ९ एवढेच मिळतील, ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य येईल, आणि ६१७४ कधीच येणार नाही. ‘बरोबर चार वेळा अंक काढा’ असे लिहिले, तर पुढचा शून्य हरवत नाही. आणि कोणी ११११ ही संख्या दिली तर? वजाबाकी पहिल्याच पायरीला शून्य येईल, आणि ‘६१७४ येईपर्यंत थांबू नका’ हा आदेश पाळणारा प्रोग्रॅम अखंड फिरत राहील. अशा संख्या स्वतः शोधून काढणे आणि त्यांच्यासाठी कृतीत आधीच तरतूद करणे, यालाच मी प्रोग्रॅमिंगची तयारी म्हणतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुलांचे गुण बहुधा याच जागी जातात.

दुसरी सवय ‘ड्राय रन’ची. वहीत प्रत्येक चलासाठी, म्हणजे व्हेरिएबलसाठी, एक रकाना आखायचा आणि एकेक ओळ वाचत त्या रकान्यांतील किंमत बदलत जायची. हे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून मुले ते टाळतात. पण बरोबरीचे एकच चिन्ह किंमत ठेवण्यासाठी असते आणि दोन चिन्हे तुलना करण्यासाठी असतात, किंवा ॲरेमधील, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमतींमधील, पहिल्या घराचा क्रमांक ० असतो, या गोष्टी रकाने भरता भरता जितक्या पक्क्या होतात तितक्या वाचून होत नाहीत.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेविषयी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या वर्षाचा चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यात सी आहे की पायथॉन, ते पाहा. वरच्या वर्गातील मुलांच्या सांगण्यावर अवलंबून राहू नका, कारण अभ्यासक्रम बदलत असतो. दोन्ही भाषांत विचार तोच असला तरी काही फरक आधी माहीत असलेले बरे. द्राक्षांच्या तीन क्रेटचे वजन २०, २१ आणि २१ किलो भरले, तर सरासरी साधारण २०.६७ किलो येते. सीमध्ये ६२ आणि ३ या दोन पूर्णांकांचा भागाकार केला तर उत्तर २० येते. अपूर्णांक कोणतीही सूचना न देता गळतो, आणि हिशेब चुकल्याचे तुम्हाला कळतही नाही. पायथॉनमध्ये साधा भागाकार अपूर्णांकासह येतो आणि पूर्णांकी भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचे वेगळे चिन्ह आहे. अंक सुटे करताना आपण जो भागाकार वापरला, तो हाच. सरासरी काढताना नडणारी गोष्ट तिथे उपयोगाला येते.

असेच पूर्णांकाच्या मर्यादेचे आहे. आजच्या बहुतेक संगणकांवर सीमधील साधा पूर्णांक २१४७४८३६४७ पर्यंतच जातो. १ ते १२ या संख्यांचा गुणाकार ४७९००१६०० होतो आणि तो त्यात मावतो. त्याला १३ ने गुणले की ६२२७०२०८०० ही संख्या मावत नाही, आणि पडद्यावर भलतेच उत्तर येते. काही प्रयोगशाळांत अजूनही टर्बो सी हे जुने सॉफ्टवेअर वापरतात. तिथे पूर्णांकाची मर्यादा ३२७६७ आहे, त्यामुळे १ ते ८ च्या गुणाकारालाच, म्हणजे ४०३२० ला, उत्तर बिघडते. घरी बरोबर चालणारा प्रोग्रॅम प्रयोगशाळेत चुकला, तर घाबरून न जाता आधी हे तपासावे. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा पडत नाही.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो, परंतु तिचा आकार मोजून पाहा. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द, म्हणजे भाषेने ठरावीक अर्थासाठी राखून ठेवलेले शब्द, अवघे ३२ आहेत. बारावीच्या एखाद्या धड्यात याहून अधिक नवे शब्द तुम्ही शिकला असाल. चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, पण तेच ते संदेश पुन्हा पुन्हा येतात. वहीच्या मागच्या पानांवर तो संदेश, त्याचा मराठी अर्थ आणि आपली मूळ चूक अशी नोंद ठेवत जा. एक अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, राहिला तर चुकांची मोठी यादी येऊ शकते, आणि चूक पुढच्या ओळीवर दाखवली जाऊ शकते. म्हणून यादीतील पहिली चूक दुरुस्त करायची, प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा आणि मगच पुढे पाहायचे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पातील सी आणि पायथॉनचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. ‘एनपीटीईएल’ या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाची व्याख्यानेही विनामूल्य पाहता येतात, पण ती त्यानंतर पाहावीत. वहीत तयार झालेली कृती चालवून पाहण्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारी साधने, मोबाइलवरही पुरतात. टंकन अवघड जाते, परंतु वीस-पंचवीस ओळींसाठी ते निभावते.

प्रश्न : मुलाला संगणक शाखेला प्रवेश मिळाला आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. लॅपटॉप आताच घ्यावा का, आणि दुकानदार सांगतात तसा महागडा घ्यावा का?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : पहिल्या सत्रासाठी घाई करू नये. महाविद्यालयाची प्रयोगशाळा असते, आणि पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅम दहा वर्षे जुन्या संगणकावरही चालतात. घ्यायचाच असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरेसा आहे, आणि पुढे रॅम वाढवता येते का, एवढे दुकानात विचारून घ्यावे. खेळांसाठीच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पहिल्या वर्षी पैसे घालवू नयेत. त्यासाठी कर्ज काढण्याचा विचार असेल, तर तो माझ्या मते सोडून द्यावा.

प्रश्न : एआयला सांगितले की तो पूर्ण प्रोग्रॅम क्षणात लिहून देतो. मग आम्ही हे सारे हाताने का शिकायचे?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. लेखी परीक्षेत आणि तोंडी परीक्षेत तो तुमच्याजवळ नसेल, हे एक कारण आहेच, पण ते दुय्यम आहे. त्याने दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावरच राहते, आणि ज्याने स्वतः कधी चूक करून ती शोधलेली नाही, त्याला दुसऱ्याची चूक दिसत नाही. पहिले वर्षभर तरी एआयकडे प्रोग्रॅम मागू नका. चुकांच्या संदेशाचा अर्थ मराठीत विचारा, किंवा आपण लिहिलेली कृती कुठल्या संख्येला चुकेल असे विचारा, आणि तेही आपण स्वतः अर्धा तास झटून पाहिल्यानंतर. तरीही मोह झालाच, तर वरील कापरेकरांच्या कृतीचा प्रोग्रॅम त्याच्याकडून लिहून घ्या, तो न चालवता वहीत त्याचा ड्राय रन करा, आणि ३५२४, २१११, ११११ व खुद्द ६१७४ या चार संख्यांना तो काय उत्तर देईल, ते आधी लिहून ठेवा. मग प्रोग्रॅम चालवा आणि तुमचे उत्तर पडद्यावरच्या उत्तराशी कुठे जुळले नाही, ते मला कळवा.