दुहेरी तारखेची पेनी जपून ठेवावी का? माझा २००९ चा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, नाहीतर मी इथे बहुतेक नुसती वाचत असते. तुम्ही विचारलंय की १७७६–२०२६ अशी दुहेरी तारीख असलेल्या नव्या पेनीला, म्हणजे अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्याला, पुढे किंमत येईल का, शिवाय २०२५ च्या शेवटच्या पेन्या म्हणून आणलेले तीस रोल (एकात पन्नास नाणी) बेसमेंटमध्ये ठेवलेत त्यातल्या काहींवर डाग आलेत, ते कसे घालवायचे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घालवू नका. काही म्हणजे काहीही लावू नका. आजच्या आज ते रोल बेसमेंटमधून वर आणा आणि घरात कोरड्या कपाटात ठेवा, बाकी सगळं नंतर.

हे इतकं ठासून सांगतेय कारण मी हेच सगळं केलंय. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून पेनीवर मागच्या बाजूला चार वेगवेगळी चित्रं आली होती, त्यातलं दुसरं मला फार आवडलं, ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणारा तरुण लिंकन. तेव्हा मंदी होती, नव्या चिल्लरीला मागणी नव्हती, बँकेत विचारलं की काउंटरवरची टेलर नकारार्थी मान हलवायची. मग मिंटकडूनच, म्हणजे सरकारी टांकसाळीकडून घेतले, दोन रोल म्हणजे एक डॉलरची चिल्लर, तिला ८ डॉलर ९५ सेंट आणि वर पोस्टेज. असे दहा सेट घेतले. माझं गणित सरळ होतं, २००८ मध्ये ५४० कोटींच्या वर पेन्या निघाल्या आणि २००९ मध्ये चारही डिझाइन मिळून जेमतेम २३५ कोटी, म्हणजे कमी, म्हणजे भाव येणार. एवढंच डोक्यात ठेवून डबा बेसमेंटमध्ये ठेवला आणि पाच वर्षं उघडला नाही.

न्यू जर्सीचं बेसमेंट उन्हाळ्यात किती दमट असतं ते इथल्यांना सांगायला नको. २०१४ ला दिवाळीच्या आधी डबा काढला तर काळे ठिपके, काहींवर पांढरट बुरशीसारखं. त्याच दिवशी देवाची तांब्याची भांडी घासायला चिंच भिजवलेली होती. मनात आलं, पेनी पण तांब्याचीच की. स्टीलच्या वाटीत कोळ घेतला, चिमूटभर मीठ, आणि दुपारभर बसून सहाशे-सातशे नाणी अंगठ्याने चोळून काढली. ओली असताना काय सुंदर दिसत होती, गुलाबीसर, अगदी ताम्हणासारखी! वाळल्यावर एकेक उचलून बघितलं तर कडेला आणि लिंकनच्या गालावर राखाडी धातू वर आलेला. १९८२ नंतरची पेनी तांब्याची नसतेच, आत सगळं जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजनाच्या अडीच टक्के. तो मी माझ्या हाताने खरवडला होता.

पण खरी चूक ही पण नाही. खरी चूक म्हणजे त्याआधी एकही नाणं भिंगाखाली बघितलं नव्हतं. दोन वर्षांनी एका कॉइन शोमध्ये एका आजोबांनी दहापट लूप, म्हणजे छोटं भिंग, हातात दिलं आणि म्हणाले, तुझ्याकडे ते पुस्तकवालं डिझाइन आहे ना, घरी जाऊन बोटं मोज. त्या डिझाइनमध्ये काही डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारे ठसे, दुबार उमटलेले आहेत, त्यामुळे पुस्तक धरलेल्या हाताशी एक जास्तीचं बोट दिसतं, आणि लोक तेच शोधत असतात. घरी येऊन रात्री दोनपर्यंत टेबल लॅम्पखाली बघत बसले. सापडलं हो! स्पष्ट, जाड, नखाएवढी पण शंका नाही असं. आणि ते चिंचेने धुतलेल्यांतलंच निघालं.

तरी आशेने ग्रेडिंगला पाठवलं, म्हणजे नाणं तपासून त्याच्या अवस्थेला आकडा देणाऱ्या कंपनीकडे. फी, शिपिंग, विमा सगळं भरलं, अडीच महिने थांबले, परत आलं तेव्हा लेबलवर ग्रेडच्या आकड्याऐवजी 'साफ केलेलं' एवढाच शेरा. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. राग याचा येतो की फॉर्मवर मी डाय व्हरायटी, म्हणजे ठशातला असा फरक, बघा म्हणून वेगळे पैसे भरले होते आणि लेबलवर व्हरायटीचा उल्लेखच नव्हता. दोनदा ईमेल केली, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर, फोन केला तर चाळीस मिनिटं होल्ड आणि मग "परत सबमिट करा, फी पुन्हा भरा". बघितलं की नाही बघितलं एवढं सांगायला काय जातं? नाव घेत नाही, पण कुठेही पाठवा, पाठवायच्या आधी नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि भरलेल्या फॉर्मची कॉपी ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. मी डीलर नाही, हे माझं मत समजा. नवीन डिझाइन आहे, दुहेरी तारीख आहे, एवढ्याने किंमत येत नाही, कारण पहिल्या दिवसापासून सगळेच जपून ठेवतात. १७७६–१९७६ चा ड्रमवाला क्वार्टर आठवा, १६० कोटींच्या वर निघाले, घरोघरी बरण्यांत पडलेत, आणि आजही तो चलनात सापडला तर २५ सेंटचाच. २०१७ ला फिलाडेल्फियाच्या पेनीवर पहिल्यांदा 'पी' ही तिथल्या टांकसाळीची खूण आली तेव्हा पण अशीच धावपळ झाली, त्या ४०० कोटींहून जास्त आहेत. याउलट १९०९ ची एस व्हीडीबी पेनी का महाग? एस ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, व्हीडीबी ही डिझाइन करणाऱ्या ब्रेनरची आद्याक्षरं. ती फार ठळक म्हणून ओरड झाली, काही दिवसांत काढून टाकली, तोवर सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार पडली होती, आणि बरीचशी लोकांनी खर्चून टाकली. ठरवून दुर्मिळ झाली नव्हती ती.

२०२६ च्या पेनीचं थोडं वेगळं आहे हे मान्य, ती चलनात येणारच नाही, फक्त कलेक्टर सेटमध्ये. पण जे सेटमध्ये विकलं जातं ते सगळं चांगल्या अवस्थेतच टिकून राहतं हे विसरू नका. एक सेट आवड म्हणून जरूर घ्या, मी पण घेणार आहे, दहा घेऊ नका. आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिलावात शेवटच्या पेनीच्या तीन नाण्यांच्या सेटला ८ लाख डॉलर आले ती बातमी बघून २०२५ चे रोल धरून ठेवले असतील तर ती नाणी वेगळी, त्यांच्यावर ओमेगा या ग्रीक अक्षराची खूण आहे आणि सेट फक्त २३२. तुमच्या रोलमध्ये ती नाहीत.

जाता जाता, भारतातल्या नातेवाईकांना पण सांगा, जुनं नाणं विका लाखो मिळवा असे मेसेज येतात आणि आधी 'कमिशन' किंवा टॅक्स भरायला लावतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की त्यांचा असल्या व्यवहारांशी काही संबंध नाही. माझ्या मावसभावाचे बारा हजार गेले असते, अगदी शेवटच्या मिनिटाला फोन केला म्हणून वाचले.

आणि ते तीस रोल. दहापट लूप आणा, साधं चालतं, एकेक नाणं कडेला धरून बघा, तारीख, आद्याक्षरं, मागच्या ढालीवरच्या रेघा. काही दुबार वाटलं तर डागासकट फोटो टाका इथे, मी बघते.